कागदावर लिहिणारा संगीतकार

वनराज भाटिया हे नाव बहुतेक मराठी रसिकांना चटकन आठवत नाही. त्यांचे संगीत मात्र ऐकलेच नाही असा माणूस चाळिशी ओलांडलेल्यांत सापडणे अवघड. दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ सुरू होताना नासदीय सूक्ताचे जे समूहगान घुमत असे, ते त्यांचे. ‘मंथन’मधले प्रीती सागर यांच्या आवाजातले गुजराती गाणे त्यांचे. धबधब्याखाली नाहणाऱ्या मुलीची ‘लिरिल’ साबणाची जाहिरात आठवते ना? ती धूनही त्यांचीच. ‘अंकुर’, ‘निशांत’, ‘भूमिका’, ‘जुनून’, ‘कलयुग’, ‘मंडी’, ‘त्रिकाल’, ‘जाने भी दो यारो’, ‘तमस’ आणि छोट्या पडद्यावरची ‘वागले की दुनिया’ या सगळ्यांना संगीत देणारा माणूस एकच होता.

त्यांची नोंद ‘समांतर चित्रपटांचे संगीतकार’ अशी होते आणि तिथेच संपते. ही नोंद खोटी नाही, पण अपुरी आहे. शिक्षणाने ते पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रचनाकार होते, वाद्याने पियानोवादक होते आणि पाच वर्षे दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे अध्यापक होते. चित्रपट त्यांच्या आयुष्यात वयाच्या सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी आला. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे ज्या विद्येत गेली, तिचे या देशात पुढे काय झाले, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. ही विद्या म्हणजे संगीत कागदावर लिहिण्याची विद्या. लिहिलेल्या संगीताला आपल्याकडे किती जागा आहे, याची जणू साठ वर्षे चाललेली परीक्षा म्हणून मी त्यांच्या कारकिर्दीकडे पाहतो.

संगीतकार आणि रचनाकार

आधी एक शब्द नीट लावून घेऊ. मराठीत ‘संगीतकार’ म्हणजे चाल लावणारा. त्याच्या मनात चाल येते, तो ती पेटीवर वाजवून दाखवतो, गायक ती उचलतो. सोबतीला कोणती वाद्ये, कुठे थांबायचे, कुठे व्हायोलिनचा समूह घ्यायचा, हे बहुतेक वेळा दुसरा कोणी ठरवतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हे काम प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी केले. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशी ही मंडळी. चर्चच्या शाळेत लहानपणीच त्यांना पाच रेघांवरचे स्वरलेखन शिकवलेले असे. संगीतकार गुणगुणे, हे लिहून घेत आणि पन्नास वादकांपुढे पन्नास कागद ठेवत. पाटीवर नाव संगीतकाराचे येई.

पाश्चात्त्य परंपरेत ‘कंपोझर’ म्हणजे या दोन्ही कामांचा एकच धनी. चाल, तिच्याखाली एकाच वेळी वाजणारे इतर स्वर, प्रत्येक वाद्याने काय वाजवायचे आणि किती मोठ्याने, हे सारे तो लिहितो. त्याला मी इथे ‘रचनाकार’ म्हणतो. त्याची रचना कागदावर पूर्ण होते. वादक ती वाचून वाजवतात, आणि रचनाकार मेल्यानंतर दोनशे वर्षांनीही ती तशीच वाजवता येते.

आपल्याकडेही स्वरलेखन आहे. विष्णू नारायण भातखंडे आणि विष्णू दिगंबर पलुस्कर या दोघांनीही आपापल्या पद्धती बसवल्या. पण भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’तली बंदिश वाचून कोणी मैफल करत नाही. तिथे कागद हा आठवणीचा आधार. राग फुलतो तो गवयाच्या गळ्यात, त्या क्षणी. लिहिलेले तंतोतंत गायले तर आपण त्याला पाठांतर म्हणतो आणि नाक मुरडतो. म्हणजे ज्या गोष्टीला पश्चिमेकडे निष्ठा म्हणतात, तिला आपण उणीव मानतो. भाटिया या दोन जगांच्या मध्ये उभे होते.

पियानोची अडचण याच्या जोडीला लक्षात ठेवायला हवी. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते, स्वर उमटतो आणि विरत जातो. एकदा उमटलेला स्वर वाकवता येत नाही. मींड नाही, आंदोलन नाही. सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले, त्यामुळे श्रुतींनाही वाव नाही. पेटीवरचा आक्षेप नेमका हाच होता. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती शिथिल झाली नाही. मराठी माणसाने तरी पेटी सोडली नाही. गोविंदराव टेंबे पेटीचे एकल वादन करत आणि ‘मानापमान’च्या चालीही त्यांच्याच. संगीत नाटकांत पायाने भाता मारायचा ऑर्गन तर गंधर्वांच्या काळात प्रतिष्ठेचे वाद्य झाला. पण टेंब्यांची पेटी गळ्याच्या मागे चालत होती. पियानोचे बळ वेगळे आहे. दहा बोटांनी तो दहा स्वर एकदम बोलतो, दोन हातांनी दोन स्वतंत्र चाली एकाच वेळी चालवतो. आडव्या रेषेत वाहणाऱ्या रागाला जी उभी खोली नसते, ती पियानोत असते.

ऑपेरा हाउसपासून पॅरिसपर्यंत

३१ मे १९२७ रोजी मुंबईतल्या एका कच्छी गुजराती कुटुंबात भाटियांचा जन्म झाला. शाळा न्यू एरा. हिंदुस्थानी संगीताचे पहिले धडे त्यांनी देवधरांच्या संगीत विद्यालयात घेतले. मराठी वाचकाने इथे जरा थांबावे. प्रा. बा. र. देवधर हे पलुस्करांचे शिष्य आणि कुमार गंधर्वांचे गुरू. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ १९२५ साली त्यांनी सुरू केलेल्या विद्यालयात पुढे कुमार घडले. पण देवधरांनी स्वतः पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता, हे कमी लोकांना ठाऊक असते. घराण्याच्या भिंतींपेक्षा त्यांना संगीत मोठे वाटे. ‘थोर संगीतकार’ लिहिणाऱ्या या माणसाच्या छायेत एका बाजूला कुमार गंधर्व आणि दुसऱ्या बाजूला वनराज भाटिया वाढले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

किशोरवयात चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कन्चेर्टो कानावर पडला आणि मुलाने पियानोचा ध्यास घेतला. डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षे पियानो झाला. १९४९ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी साहित्यात एम. ए. केल्यावर ते लंडनला रॉयल अकादमी ऑफ म्युझिकमध्ये गेले. तिथे हॉवर्ड फर्ग्युसन, अ‍ॅलन बुश आणि विल्यम ऑल्विन या रचनाकारांकडे शिकले आणि १९५४ साली सुवर्णपदक मिळवून बाहेर पडले. रॉकफेलर शिष्यवृत्तीने आणि पुढे फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीने त्यांना पॅरिसला नेले. तिथे १९५९ पर्यंत त्यांच्या गुरू होत्या नादिया बुलाँजे.

या बाईंविषयी थोडे सांगायला हवे. विसाव्या शतकातल्या रचनाकारांची निम्मी गुरुपरंपरा त्यांच्या घरातून जाते असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेचा आरन कोपलंड त्यांचा विद्यार्थी, फिलिप ग्लास त्यांचा, क्विन्सी जोन्सही त्यांचाच. अर्जेंटिनाचा आस्तोर पियाझोला १९५४ साली त्यांच्याकडे गेला तो सिम्फनी लिहायला शिकण्यासाठी. आपण मुळात टँगो वाजवतो हे तो लाजून लपवत होता. बाईंनी त्याच्याकडून टँगो वाजवून घेतला आणि सांगितले, तुझे खरे संगीत हे आहे, हे सोडू नकोस. शिस्त कडक, पण विद्यार्थ्याची माती त्या बदलत नसत. पियाझोला मायदेशी परतला आणि त्याने टँगोला मैफलीत नेऊन बसवले. भाटियाही मायदेशी परतले. पण त्यांच्या हातात टँगोसारखे एकच एक लोकप्रिय वाद्यसंगीत नव्हते, आणि त्यांची रचना वाजवील असा वाद्यवृंदही नव्हता.

परतीची किंमत

मुंबईला पाश्चात्त्य संगीत अगदीच अपरिचित होते असे नाही. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पण मेहली पुढे परदेशी गेले. त्यांचे चिरंजीव झुबिन १९५४ साली व्हिएन्नाला गेले आणि जगभर संचालक म्हणून गाजले. संचालकाला वाद्यवृंद जिथे असेल तिथे जाता येते. रचनाकाराचा प्रश्न निराळा. त्याला आपल्या भाषेत लिहायचे असते आणि ती भाषा ऐकणारे लोक घरी असतात.

भाटियांच्याच वयाचे अँथनी गोन्साल्विस यांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवून पाहिला. माजोर्ड्याच्या या गोवेकर व्हायोलिनवादकाने १९५८ साली मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदाच्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. कौतुक झाले, पण संस्था उभी राहिली नाही. काही वर्षांनी तेही अमेरिकेला गेले. आज त्यांचे नाव लोकांना आठवते ते शिष्य प्यारेलाल यांनी चाल बांधलेल्या एका विनोदी गाण्यामुळे.

भाटियांना पहिला आधार विद्यापीठाने दिला. दिल्ली विद्यापीठात १९६० साली संगीत विद्याशाखा सुरू झाली आणि त्याच वर्षी ते तिथे पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे रीडर झाले. १९६५ पर्यंत त्यांनी ते काम केले. हा काळ त्यांच्या चरित्रात दोन ओळींत उरकला जातो. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण शिकवणाऱ्याला शैली ओळखाव्या लागतात. कोणता स्वरसमूह कोणत्या शतकातला, कोणती वळणे कोणत्या देशातली, याचे उत्तर वर्गात द्यावे लागते. ही सवय पुढे चित्रपटात कशी उपयोगी पडली ते ‘भूमिका’पाशी दिसेल.

दुसरा आधार जाहिरातींचा. भारतात जाहिरातपटासाठी स्वतंत्र संगीत रचणारे ते पहिले, असे मानले जाते. शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातीपासून सुरुवात झाली आणि पुढे त्यांच्या जिंगलांचा आकडा सात हजारांच्या वर सांगितला जातो. बुलाँजेबाईंचा विद्यार्थी साबण विकू लागला म्हणून हळहळणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ती हळहळ पटत नाही. जिंगलला अर्धे मिनिट मिळते. तेवढ्यात विषय मांडायचा, वळवायचा आणि तो कानात राहील असा संपवायचा. शिवाय लिहिलेला कागद आज दिला की उद्या स्टुडिओत वाजतो. ज्याच्या सिम्फनीला वाद्यवृंद नाही, त्याला रोज वादक मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. प्रयोगशाळा त्याला भाड्याने मिळाली होती आणि भाडे दुसरा भरत होता.

जाहिरातीतून ‘अंकुर’कडे

भाटियांच्या चित्रपटाचा रस्ताही याच गल्लीतून गेला. श्याम बेनेगल जाहिरात क्षेत्रातले. ‘अंकुर’ला पैसे घातले ते जाहिरातपट वितरित करणाऱ्या ‘ब्लेझ’ने. म्हणजे आपण ज्याला समांतर चित्रपट म्हणतो त्याचे भांडवल, दिग्दर्शक आणि संगीतकार हे तिघेही जाहिरातीच्या बाजारातून आले होते. बाजारात हात बसलेल्या माणसांनीच बाजाराबाहेरचा चित्रपट केला, हे विसरून चालणार नाही.

‘अंकुर’ १९७४ सालचा. त्यात नेहमीची गाणी नाहीत आणि पार्श्वसंगीतही अगदी मोजके. मराठी वाचकाला याचा पूर्वज ठाऊक आहे. ‘प्रभात’च्या ‘कुंकू’त १९३७ साली शांतारामबापू आणि केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले होते. घरातले, रस्त्यातले नैसर्गिक आवाज हेच तिथे संगीताच्या जागी आले. पुढच्या साडेतीन दशकांत हा धडा हिंदी पडद्यावर जवळजवळ पुसला गेला. दुःख दिसले की व्हायोलिने रडत, संकट आले की झांजा आपटत. भाटियांनी प्रेक्षकाला पुन्हा शांततेची सवय लावली. याचे कारण पुन्हा त्यांच्या लेखनात आहे. जो रचनाकार प्रत्येक वाद्याचे प्रत्येक माप लिहितो, तो विरामही लिहितो. स्वरलेखनात विरामाला स्वतःचे चिन्ह असते, त्याची लांबी मोजलेली असते. विराम हा त्याच्यासाठी स्वराइतकाच रचनेचा भाग असतो.

‘भूमिका’ : अध्यापकाचा चित्रपट

भाटियांचे एकच काम निवडा असे कोणी सांगितले, तर मी ‘भूमिका’ निवडीन. १९७७ सालचा हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला. मूळ मराठी पुस्तकाचे शब्दांकन अरुण साधूंचे. पटकथेत बेनेगलांबरोबर गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे. गाणी मजरूह सुलतानपुरी आणि वसंत देव यांची. नायिका स्मिता पाटील, आमच्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी. या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. खानदेशात या चित्रपटाची आठवण निघते ती तिच्या नावाने, आणि ते स्वाभाविकच आहे. पण तिच्या अभिनयाखाली जी जमीन आहे, ती भाटियांनी घातलेली आहे.

कथानक एका गाणाऱ्या घराण्यातल्या मुलीपासून सुरू होते आणि बोलपटाच्या आरंभापासून पुढच्या काही दशकांतून फिरते. म्हणजे संगीतकाराला एकाच चित्रपटात अनेक काळांचे संगीत हवे होते. घरातली तालीम, सुरुवातीच्या बोलपटातले गाणे, नंतरच्या वर्षांतले वाद्यवृंदाने सजलेले गाणे, प्रत्येकाची धाटणी वेगळी. सामान्य संगीतकार अशा वेळी जुन्या गाण्यांची नक्कल करतो. भाटियांनी काळाचे व्याकरण उभे केले. वाद्ये किती, ती गळ्याच्या किती मागे, तान कुठे चालते आणि कुठे नाही, हे प्रत्येक दशकासाठी वेगळे ठरवले. दिल्लीच्या वर्गात शैली ओळखायला शिकवणारा माणूस इथे शैली घडवत होता.

आवाजांची निवड तर पाहण्यासारखी आहे. त्यांनी सरस्वती राणे यांना बोलावले. अब्दुल करीम खाँ यांची ही कन्या, हिराबाई बडोदेकरांची धाकटी बहीण. १९४३च्या ‘रामराज्य’मधले त्यांचे वीणेचे गाणे देशभर गाजले होते. चित्रपट ज्या काळाविषयी बोलतो, त्या काळाचा हा खराखुरा आवाज. सोबत गायली त्यांची नात मीना फातर्पेकर. आजीकडून नातीकडे उतरलेल्या गाण्याची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटात पडद्यामागेही आजी आणि नातच गात होत्या. फिरोज दस्तूर हे सवाई गंधर्वांचे शिष्य, लहानपणी स्वतः बोलपटांत गायलेले. तेही या चित्रपटात आहेत. किराणा घराण्याची अशी उपस्थिती पॅरिसला शिकून आलेल्या माणसाने घडवली. लहानपणीच्या देवधर विद्यालयातल्या तालमीचे हे फळ असावे, असे मला वाटते.

एक आवाज, अनेक थर

‘मंथन’ची कथा सर्वांना माहीत आहे. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि चित्रपट उभा राहिला. त्यातले प्रीती सागर यांचे गाणे इतके साधे आहे की ते लोकगीत वाटावे. त्यांना त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे तेच गाणे ‘अमूल’च्या जाहिरातीत वाजू लागले. जाहिरातीतून चित्रपटात आलेल्या संगीतकाराचे गाणे चित्रपटातून जाहिरातीत गेले.

साधेपणा आणि थर या दोन्ही गोष्टी त्यांना येत होत्या, हे दाखवणारे काम म्हणजे १९८८ सालच्या दोन मालिका. गोविंद निहलानींची ‘तमस’ फाळणीवरची, भीष्म साहनींच्या कादंबरीवर आधारलेली. त्या संगीतासाठी भाटियांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बेनेगलांची त्रेपन्न भागांची ‘भारत एक खोज’ नेहरूंच्या ग्रंथावर. तिच्या आरंभी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त येते, आधी संस्कृतात आणि मग वसंत देवांच्या हिंदी रूपात.

सृष्टीच्या आधी काय होते, हा त्या सूक्ताचा विषय. उत्तर न देता ते संपते. वेदपठणाला मोजके तीन-चार स्वर असतात, आणि मोठा समूह ते एका सुरात म्हणतो. भाटियांनी पठणाचा गंभीर, मर्यादित स्वरांचा स्वभाव ठेवला आणि त्याखाली समूहाचे थर रचले. इथे उभी खोली सजावट म्हणून येत नाही. मंत्राचा प्रश्न जसा मोठा होत जातो तसा आवाजाचा पसारा वाढतो. ऐकणाऱ्याला स्वरमेळाची परिभाषा ठाऊक नसते, पण काहीतरी अफाट उघडते आहे हे त्याला कळते. पश्चिमेची विद्या आणि इथला आशय एकमेकांना न ढकलता एकत्र नांदू शकतात, याचा इतका लोकांपर्यंत पोचलेला पुरावा मला दुसरा दिसत नाही. पियानोवर राग बसत नाही ही अडचण त्यांनी अशी ओलांडली. आडवी रेषा मोडली नाही, तिच्याखाली जमीन घातली.

कायद्याच्या नजरेतले संगीत

आता या गोष्टीची कडू बाजू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ‘सांगीतिक कृती’ची जी व्याख्या होती, तिच्यात एक अट होती. चाल किंवा स्वरमेळ छापलेला, लिहिलेला किंवा अन्य रीतीने रेखाटलेला असला पाहिजे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने संगीत कागदावर असले तरच ती कृती. ज्या देशाचे जवळजवळ सगळे संगीत मुखोद्गत आहे, त्या देशाने इंग्रजांच्या वळणाची ही व्याख्या १९९४ पर्यंत वागवली. या व्याख्येत चपखल बसणारे फार थोडे संगीतकार मुंबईत होते. भाटिया त्यांतले एक.

तरीही त्यांच्या पदरात काय पडले? मार्च १९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करवून घेतले आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर त्या संगीताचा पहिला मालक निर्माता. संगीतकाराला वेगळे मानधन मागता येणार नाही. ‘भूमिका’ही त्याच वर्षीची. ज्या वर्षी भाटियांनी आपले सर्वांत जाणते काम केले, त्याच वर्षी अशा कामावरचा संगीतकाराचा धागा न्यायालयाने तोडला. जिंगलची गोष्ट याहून वेगळी नव्हती. एकदाच पैसे, मग ती धून वर्षानुवर्षे वाजो.

ही स्थिती २०१२च्या दुरुस्तीने बदलली. चित्रपटातल्या गाण्याचा चित्रपटगृहाबाहेर जो वापर होतो, त्याच्या मानधनातला आपला वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला आता विकूनही टाकता येत नाही. त्याच वर्षी भाटियांना पद्मश्री मिळाली. ते पंच्याऐंशीचे होते आणि त्यांचे चित्रपटाचे बहुतेक काम मागे पडले होते. २०१९ साली त्यांच्या बिकट आर्थिक स्थितीच्या बातम्या आल्या आणि चाहत्यांनी, संगीतकारांच्या संस्थेने मदतीचा हात पुढे केला. बातम्यांचा सूर ‘विस्मृतीत गेलेला कलावंत’ असा होता. मला तो सूर अर्धवट वाटतो. समाज त्यांना विसरला नव्हता. समाज त्यांचे संगीत गुणगुणत होता. त्या गुणगुणण्याचा हिशेब ठेवणारी व्यवस्थाच त्यांच्या उमेदीच्या काळात नव्हती.

कपाटातले कागद

चित्रपट मागे पडल्यावर भाटिया पुन्हा मूळ कामाकडे वळले. पियानोसाठी ‘फँटसिया अँड फ्यूग इन सी’ १९९९ सालचे. फ्यूगमध्ये एकच विषय एका आवाजानंतर दुसऱ्यात, मग तिसऱ्यात शिरतो आणि सारे आवाज आपापली वाट न सोडता एकत्र चालतात. लिहिल्याशिवाय जमणार नाही असा हा प्रकार. २००१ मध्ये तंतुवाद्यांसाठी ‘सिन्फोनिया कन्चेर्तांते’ झाले. त्यांची ‘रेव्हरी’ जानेवारी २०१९ मध्ये जगद्विख्यात चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत वाजवली.

सर्वांत मोठा घाट ‘अग्निवर्षा’ या ऑपेराचा. आधार कार्नाडांच्या ‘अग्नी मत्तु मळे’ या नाटकाचा, म्हणजे महाभारताच्या वनपर्वातल्या यवक्रीताच्या कथेचा. अवर्षण, यज्ञ, भावाभावांतला मत्सर आणि शेवटी पाऊस. त्याचे पहिले दोन अंक २०१२ साली सादर झाले, ते न्यूयॉर्कमध्ये. संगीत नाटकाची दीड शतकाची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रातल्या माणसाने लिहिलेले हे गाते नाटक. ते आपल्याकडे उभे राहावे अशी इच्छा धरणे गैर नाही. ७ मे २०२१ रोजी, महामारीच्या दुसऱ्या लाटेत, भाटिया मुंबईत वारले. त्या दिवसांत मृत्यूच्या बातम्यांची इतकी दाटी होती की ही बातमी त्यांत सहज बुडाली.

गवई जातो तेव्हा त्याचे गाणे शिष्यांच्या गळ्यात राहते. चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रणात राहते. लिहिणारा रचनाकार जातो तेव्हा कागद राहतात, आणि ते वाजवले तरच संगीत होतात. नाहीतर रद्दी. आपल्या संग्रहालयांना पोथी जपायची सवय आहे, पाच रेघांचा कागद जपायची नाही. गोव्याच्या संयोजकांनी लिहिलेले हजारो कागद ध्वनिमुद्रण संपल्यावर टाकून दिले जात. भाटियांच्या पिढीचे जे उरले असेल, त्याच्या वाट्याला हे येऊ नये.

आमच्या देवपुरातून पांझरा ओलांडली की जुन्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांतली दप्तरे गोळा करत. मालकांना ते कागद जुनी अडगळ वाटत, राजवाड्यांना त्यांत मराठ्यांचा इतिहास दिसे. त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड झाले. संगीताच्या कागदांसाठी असाच उद्योग हवा. त्याला काही फार लागत नाही. स्वरलिपी वाचणारी दोन माणसे, कागद टिपून घेणारे यंत्र आणि वादकांच्या वारसांशी बोलण्याची चिकाटी. मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. वाद्यवृंद नाही ही १९५९ची सबब आता उरलेली नाही. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी वर्षाला एक भारतीय लिखित रचना अभ्यासाला लावली आणि तिचा एक प्रयोग केला, तरी दहा वर्षांत दहा रचना वाजत्या होतील. सुरुवात ‘अग्निवर्षा’च्या दोन अंकांपासून करता येईल. ते लिहून झालेले आहेत, आणि एकदा वाजलेही आहेत.